थरावर थर

'थर' हा आपल्या भाषेतला फार कामाचा शब्द आहे. दहीहंडीला थर लागतात, ताकावर लोण्याचा थर येतो, जुन्या वाड्याच्या भिंतीवर रंगाचे थर बसलेले असतात. ओलीने पोपडा उडाला की हिरव्याखाली पिवळा आणि पिवळ्याखाली निळा दिसतो आणि घरात कोण कोण राहून गेलं याचा अंदाज बांधता येतो. मात्र चित्रालाही थर असतात, ते वेगवेगळे काढता येतात आणि हलवता येतात, हे माझ्या पिढीला म्हातारपणी कळलं.

मंडळी, आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. माझी नात मुंबईत सिनेमाच्या 'व्हीएफएक्स'चं काम करते. तिच्या कामात एक प्रकार रोज येतो. चित्रकार फोटोशॉपमध्ये देखावा रंगवून देतो. त्यात आकाश, डोंगर, किल्ला, झाडं, धूर असे प्रत्येकाचे वेगळे लेयर असतात. ती फाइल तिला 'नोड' पद्धतीच्या कंपॉझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणायची आणि चालत्या चित्राशी जोडायची असते. "आजोबा, लेयर नीट आले तर पाच मिनिटांचं काम, नाही तर दिवस जातो," असं ती म्हणते. मी जन्मभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. त्यामुळे एखादी गोष्ट अडते असं ऐकलं की ती आली कुठून, हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. गेलं वर्षभर जमेल तसं वाचत होतो. त्या वाचनाचं सार एका वाक्यात सांगायचं तर चित्रं एकत्र आणण्याचा इतिहास हा खरं म्हणजे ती जास्तीत जास्त वेळ वेगळी ठेवण्याचा इतिहास आहे.

सुरुवात आपल्या घरातल्या भिंतीपासूनच करू. राजा रविवर्म्याची लक्ष्मी आणि सरस्वती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होती. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. ही चित्रं शिळाछपाईची. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एका दगडावर पिवळा तेवढा, दुसऱ्यावर तांबडा तेवढा, तिसऱ्यावर निळा. कागद एकेका दगडावरून जायचा आणि शेवटी त्यावर लक्ष्मी उभी राहायची. कागद सुतभर सरकला तर ओठांचा लाल रंग गालावर जायचा. म्हणून कडेला जुळणीच्या खुणा ठेवायच्या. थरांच्या सगळ्या विद्येचा हा पाया: थर वेगळे हवेत, आणि ते नेमके कुठे बसायचे याची खूण त्यांच्याबरोबर हवी. त्या काळची दुसरी रीतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. शिळाछपाईचे दगड महाग. एका चित्राचं काम संपलं की दगड घासून त्यावर दुसरं चित्र काढायचं. छापलेली चित्रं घरोघरी गेली, ती ज्या थरांतून झाली ते थर घासले गेले.

त्याच सुमारास कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे चिरंजीव 'शांबरिक खरोलिका' दाखवत होते. नाव भारदस्त, पण वस्तू म्हणजे 'मॅजिक लँटर्न'. हाताने रंगवलेल्या काचा दिव्यापुढे धरून पडद्यावर पौराणिक कथा उभी करायची. एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर काढून त्या मागोमाग दाखवल्या की आकृती हलल्याचा भास व्हायचा. सिनेमा हिंदुस्थानात आला १८९६ मध्ये. पटवर्धनांचे खेळ त्याच्या आधीचे.

आणि दादासाहेब फाळके तर या दोन्ही जगांमधला दुवा. सिनेमाकडे वळण्यापूर्वी त्यांनी रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलं होतं. दगडावरचे थर ज्याने हाताळले त्याला फिल्मवरचे थर सुचले यात नवल नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून त्यांच्या पडद्यावर देव प्रकट होतात आणि अंतर्धान पावतात. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. त्याच्या आरंभी आधी तिचा स्वतःचा चेहरा दिसतो आणि मग तो हळूहळू कृष्णात विरघळतो. एक चित्र मावळत असताना त्याच फिल्मवर दुसरं उगवतं.

ही युक्ती फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस याने आधीच पक्की केली होती. १८९८ मधल्या त्याच्या एका छोट्या चित्रपटात तो स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो, मग दुसरं, मग तिसरं. काळ्या पडद्यापुढे चित्रण केलं की काळा भाग फिल्मवर उमटत नाही, ती जागा कोरी राहते. फिल्म मागे गुंडाळायची आणि कोऱ्या जागी दुसरं चित्रण करायचं. पण इथे मोठी अडचण होती. सगळे थर एकाच फिल्मवर, कॅमेऱ्यातच एकत्र होत. चौथ्या वेळी हात चुकला तर आधीचे तीनही वाया. थर होते, पण वेगळे राहत नव्हते.

वेगळे थर खऱ्या अर्थाने आले ते कार्टूनमध्ये. सुरुवातीला प्रत्येक चित्रात माणसाबरोबर मागची भिंत आणि झाडही पुन्हा काढावं लागे. अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१४ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांच्या पेटंटसाठी अर्ज केला. पात्र पत्र्यावर काढायचं, देखावा खाली एकदाच रंगवायचा. मी भूगोल शिकवताना हेच करायचो. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगायचा आणि मुलांकडून एका ट्रेसिंग पेपरवर नद्या, दुसऱ्यावर घाट, तिसऱ्यावर लोहमार्ग काढून घ्यायचे. तिन्ही एकावर एक ठेवले की रेल्वे घाटात का वळते ते न सांगता कळायचं. बोर घाटाचं वळण मुलांनी पाठ केलं नाही, ते त्यांनी पाहिलं.

पुढची पायरी जर्मनीतल्या लोटे रायनिगरची. ही बाई कात्रीने काळ्या कागदाच्या बाहुल्या कापायची. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या 'प्रिन्स अहमद'च्या चित्रपटात तिने काचांचे मजले एकावर एक रचले, प्रत्येक मजल्यावर वेगळं चित्र ठेवलं आणि वरून कॅमेरा लावला. थरांमध्ये आता अंतर आलं. डिस्नेच्या मंडळींनी हेच तत्त्व यंत्रात बसवलं आणि १९३७ च्या 'द ओल्ड मिल' या लघुपटात वापरलं. जवळचा थर भराभर सरकतो आणि लांबचा सावकाश. एसटीच्या खिडकीतून दिसणारे विजेचे खांब आणि मागचा डोंगर आठवा, म्हणजे कळेल. आणि सेलचं पुढे काय झालं? सुरुवातीच्या काळात डिस्नेकडे चित्रण झालं की कित्येक सेल धुऊन पुन्हा वापरायला घेत. दगड घासले, तसे सेल धुतले.

जिवंत माणसाचं काय? त्याला मागच्या देखाव्यापासून सोडवायचं कसं? यावर निळा पडदा आला. लॅरी बटलर याने १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये ती पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि तिला ऑस्कर मिळालं. या चित्रपटात बाटलीतल्या राक्षसासमोर चिमुकला दिसणारा पोरगा आपला साबू, म्हैसूरच्या हत्तीखान्यातून विलायतेला गेलेला. निळ्या पडद्याच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर एक हिंदुस्थानी मुलगा उभा आहे, ही गोष्ट मला फार आवडली.

आता थर वेगवेगळ्या फिल्मवर होते. 'ऑप्टिकल प्रिंटर' नावाच्या यंत्रात एका बाजूने फिल्म चालवायची आणि समोरच्या कॅमेऱ्याने तिचं पुन्हा चित्रण करायचं. प्रत्येक थराबरोबर एक काळी-पांढरी फिल्मही लागे, कुठे झाकायचं आणि कुठे उघडं ठेवायचं हे सांगणारी. तिला 'मॅट' म्हणतात. यात एक दुखणं मात्र कायम राहिलं. प्रतीची प्रत काढली की चित्र खरबरीत होतं, लग्नपत्रिकेच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी म्हणूनच जुने, मोठ्या आकाराची प्रतिमा घेणारे 'व्हिस्टाव्हिजन' कॅमेरे पुन्हा बाहेर काढले. सुरुवातीलाच चित्र मोठं असलं की झीज कमी जाणवते.

त्याच हिवाळ्यात, १९७७-७८ मध्ये, न्यू यॉर्कजवळच्या एका तंत्रसंस्थेत एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या दोघांनी एक साधी पण युगप्रवर्तक गोष्ट केली. संगणकावरच्या चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. त्यांनी चौथा आकडा जोडला. हा ठिपका किती झाकतो, ते सांगणारा. शून्य म्हणजे आरपार, एक म्हणजे पूर्ण झाकलेला. मिश्रणाच्या सूत्रात या आकड्यासाठी अल्फा हे ग्रीक अक्षर होतं, म्हणून त्याला 'अल्फा चॅनेल' म्हणू लागले. मॅटची वेगळी फिल्म गेली. चित्र कुठे संपतं ही माहिती चित्राच्या पोटातच आली.

१९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी याचं गणित मांडलं. बीजगणिताला घाबरू नका, गोष्ट घरगुती आहे. वरच्या थराचा अल्फा ०.७५ असेल तर त्या जागी पाऊण हिस्सा वरच्याचा आणि उरलेला पाव खालच्याचा. संपलं. त्यांची खुबी अशी की प्रत्येक रंग आधीच त्याच्या अल्फाने गुणून ठेवायचा. म्हणजे कितीही थर आले तरी हिशोब सोपा राहतो. या चौघांना १९९६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. 'गुणून ठेवलेला रंग' हा शब्दप्रयोग मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता फोटोशॉप. टॉमस आणि जॉन नोल या भावांचा हा उद्योग. जॉन त्या वेळी सिनेमाच्या ट्रिकसीनचंच काम करत होता. १९९० मध्ये पहिली आवृत्ती निघाली, पण तिच्यात लेयर नव्हते! चिकटवलेली वस्तू एकदा सोडली की खालच्या चित्रात मिसळून जायची. लेयर आले १९९४ मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. तेव्हापासून चित्रकाराला किल्ला न पुसता आकाश बदलता येऊ लागलं.

नोड पद्धत याच दशकातली, पण तिचं घराणं वेगळं. फोटोशॉपचे लेयर म्हणजे वह्यांचा गठ्ठा. वरची वही खालचीला झाकते, बस्स. नोड म्हणजे स्वयंपाकाची लिहिलेली कृती. इथून खोबरं घ्या, तिथून कांदा, दोन्ही वेगळे भाजा, मग एकत्र वाटा आणि अर्धं वाटण उसळीत, अर्धं आमटीत. प्रत्येक क्रिया पडद्यावर एका चौकटीत असते आणि चौकटी रेघांनी जोडलेल्या असतात. मूळ जिन्नसाला कुणी हात लावत नाही, फक्त त्याचं काय करायचं ते लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या डिजिटल डोमेनमध्ये १९९३ पासून 'न्यूक' घडत गेलं आणि २००७ मध्ये ते लंडनच्या फाउंड्रीकडे गेलं. 'शेक' आणि 'फ्यूजन' ही त्याची भावंडं. 'ब्लेंडर' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, त्यातही २००६ मध्ये नोड आले.

तर नातीची अडचण ही या दोन घराण्यांच्या सोयरिकीतली आहे. गठ्ठ्याचं रूपांतर कृतीत करायचं. वरवर सोपं. फ्यूजनमध्ये फोटोशॉपची फाइल आणली की प्रत्येक लेयरची एकेक चौकट होते आणि त्या जोडणाऱ्या चौकटींची साखळी तयार मिळते. न्यूक ती एकाच चौकटीत वाचतं आणि लेयर सुटे करण्यासाठी बटण देतं. पण सोयरिकीत रीतिरिवाज आडवे येतात.

पहिला रिवाज गुणाकाराचा. फोटोशॉप लेयरचे रंग न गुणता ठेवतं, पोर्टर-डफच्या वाटेने गेलेली सॉफ्टवेअर गुणलेले मागतात. हे ध्यानात घेतलं नाही तर झाडाच्या पानांना फिकट कडा येते, कात्रीने कापून डकवल्यासारखी. दुसरा रिवाज उजेडाच्या मोजमापाचा. फोटोशॉपचं चित्र सहसा डोळ्याला जसं दिसतं त्या मापात मिसळतं, तर न्यूक प्रत्यक्ष प्रकाशाच्या मापात. पूर्ण झाकणारा किल्ला दोन्हीकडे सारखाच दिसतो, पण अर्धवट पारदर्शक धूर आणि सावल्या बदलतात. चित्रकार म्हणतो, "मी इतका धूर काढलाच नव्हता." तिसरा रिवाज खास सोयींचा. रंग बदलणारे लेयर, लेयरला लावलेली चमक वा सावली या गोष्टी फोटोशॉपच्या स्वतःच्या. त्या पलीकडे बहुधा पोचत नाहीत. त्या आधीच रंगात मुरवून घ्याव्या लागतात. शिवाय फोटोशॉपच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा सगळे थर एक केलेली एक सपाट प्रतही असते. ज्या सॉफ्टवेअरला थर कळत नाहीत ते ती प्रत दाखवून मोकळं होतं. पाहणाऱ्याला वाटतं, फाइल उघडली!

आणि चौथी गोष्ट नावांची. 'लेयर ४ कॉपी २' असल्या नावाचे चाळीस थर आले तर कुणी काय करायचं? शिवाय लेयर नावाने जोडलेले असले आणि चित्रकाराने उद्या नाव बदललं, की जोडणी तुटते. छत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, उत्तरपत्रिकेवर आधी नाव घाला. सिनेमातही तोच नियम निघाला.

इतका खटाटोप कशासाठी, एक सपाट चित्र का नाही दिलं? कारण रायनिगरच्या काचा. न्यूकमध्ये आकाश, डोंगर, किल्ला आणि झाड वेगवेगळ्या अंतरावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्यांवर लावतात आणि संगणकातला कॅमेरा त्यांच्यामधून फिरवतात. जवळचं झाड भराभर सरकतं, डोंगर सावकाश. त्यासाठी चित्रकाराला झाडामागचा किल्लाही रंगवावा लागतो, जो सुरुवातीला कुणाला दिसणारसुद्धा नसतो. सपाट चित्रात झाड बाजूला केलं तर मागे भोक पडतं.

आता मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटलं ते सांगतो. माणसाला देखाव्यापासून सोडवण्याचं काम अजूनही पुष्कळदा हाताने करावं लागतं. चालत्या चित्रातल्या प्रत्येक चौकटीत केसांच्या, बोटांच्या कडा रेखायच्या. याला 'रोटो' म्हणतात. मॅक्स फ्लायशर याला १९१७ मध्ये पेटंट मिळालेल्या 'रोटोस्कोप' यंत्रावरून आलेला शब्द. परदेशी चित्रपटांचं असलं काम मुंबईत मोठ्या प्रमाणावर होतं. चित्रपट संपल्यावर नावं वर सरकू लागतात तेव्हा आपण चपला शोधत असतो. तेव्हा जरा थांबून बघा, जोशी, शिंदे, नायर, खान सगळे भेटतील. त्यांनी काढलेली कड जितकी चांगली तितकी ती कमी दिसते. कड दिसली की काम फसलं. असं काम करणाऱ्याचा पुरावा पडद्यावर उरतच नाही, तो उरतो फक्त थरांमध्ये. थर एक करून फाइल सपाट केली की त्या पोरांची मेहनतही दगडासारखी घासली जाते, सेलसारखी धुतली जाते. म्हणून 'लेयर नीट आले की नाही' हा प्रश्न मला तांत्रिक वाटेनासा झाला आहे. कुणी काय केलं हे पुढच्याला दिसेल की नाही, असा तो प्रश्न आहे.

यावर उपायही याच धंद्यातल्या माणसांनी काढलेत. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने आपलं 'ओपन-ईएक्सआर' हे स्वरूप २००३ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. एका फाइलमध्ये अनेक थर मावतात, प्रकाशाचं माप शाबूत राहतं, आणि ते कसं वाचायचं हे कुणालाही पाहता येतं. चित्रकाराची फाइल आली की तिचे लेयर तपासून, नावं नीट करून या स्वरूपात बदलून घ्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे.

एका गोष्टीने मात्र माझ्यातला मास्तर फार खूश झाला. 'शेक' हे सॉफ्टवेअर ॲपलने २००२ मध्ये विकत घेतलं आणि २००९ मध्ये विकणं बंद केलं. त्यात केलेलं काम आज उघडायचं म्हटलं तर पंचाईत. पण शेकच्या कृती साध्या मजकुरात साठवलेल्या असत, आणि न्यूकच्याही असतात. कोणत्या चित्रावर कोणतं ठेवलं, किती सरकवलं, किती उजळलं, हे सगळं वाचता येण्याजोग्या अक्षरांत. सॉफ्टवेअर गेलं तरी जाणकार माणूस ती फाइल वाचून काम पुन्हा उभं करू शकतो. शेवटी लिहून ठेवलेलंच टिकतं.

तुमच्यापैकी किंवा तुमच्या मुला-नातवंडांपैकी कुणी या कामात असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. लेयरला नावं द्या. आणि सपाट प्रत पाठवली तरी थरांची मूळ फाइल जपून ठेवा. आमच्याकडे हा निरोप पोचला आहे. परवा नातीने दाखवलेल्या फाइलमध्ये पहिल्याच लेयरचं नाव होतं 'सह्याद्री_लांबचा'.